मैदान तुमचे, आवाज कोणाचा?

सामन्यांचे प्रसारणहक्क रेडिओ स्टेशनला देताना मंडळांनी काय पाहावे

"आमच्या तालमीचा फुटबॉल चषक आहे. दोन एफएम स्टेशने मागे लागली आहेत. एक म्हणते, फक्त आम्हालाच द्या. दुसरे म्हणते, पैसे जास्त देतो. कोणाला हो म्हणावे?" हंगाम तोंडावर आला की या धर्तीची विचारणा होतेच. कधी कबड्डी मंडळ विचारते, कधी जत्रेतले कुस्ती मैदान भरवणारी यात्रा कमिटी, कधी तालुक्याचा क्रिकेट क्लब. प्रश्न पैशांचा वाटतो. पण बहुतेक घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. आपण नेमके काय देतो आहोत, हेच कार्यकारिणीत ठरलेले नसते.

मोबाइलवर सामना दिसत असताना रेडिओ कोण ऐकतो, असेही काही जण म्हणतील. रिक्षावाला, दुकानदार, शेतात मोटर चालू करून बसलेला माणूस ऐकतो. त्याचे हात आणि डोळे कामात असतात, कान मोकळे असतात. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेचे वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनी रेडिओवरून केले. पुढे बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन घरोघरी नेले. हा श्रोता अजून आहे, म्हणूनच स्टेशने तुमच्याकडे येतात. तेव्हा घाईने सही करू नका. आधी पुढचे मुद्दे पाहा.

१. हक्क मुळात कोणाचा?

सामन्याला कथा-कवितेसारखा कॉपीराइट नसतो. तुमच्या हातात असते ती मैदानाच्या दाराची किल्ली. कोणाला आत घ्यायचे, कोणाला समालोचनाची जागा आणि वीज द्यायची, कोणाला माइक लावू द्यायचा, हे तुम्ही ठरवता. प्रसारणहक्क म्हणून तुम्ही विकता ते मुख्यतः हेच. त्यामुळे किल्ली खरोखर तुमच्याकडे आहे का, ते आधी तपासा.

- स्पर्धा भरवणारी संस्था आणि खेळणारा संघ वेगळे असतात. कोल्हापूरचेच पाहा. लीग भरवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम हे तिथे खेळणारे संघ. लीगच्या सामन्याचे समालोचन कोणी करावे, हे एकटी तालीम परस्पर ठरवू शकत नाही. तीच तालीम स्वतःची चषक स्पर्धा भरवते, तेव्हा आयोजक या नात्याने बोलणी तिच्याशी होतात.
- संघाच्या हाती काहीच नसते असेही नाही. संघाचे नाव, बोधचिन्ह, कर्णधाराची मुलाखत, सरावाचा वृत्तांत, "आमचे अधिकृत रेडिओ स्टेशन" ही बिरुदावली, हे सगळे संघ देऊ शकतो. फक्त स्पर्धेच्या नियमावलीत त्याला मनाई नाही ना, ते पाहा.
- मैदान कोणाचे? महापालिकेचे, क्रीडा संकुलाचे किंवा शाळेचे मैदान भाड्याने घेतले असेल तर परवानगीपत्र पुन्हा वाचा. व्यावसायिक प्रसारण, जाहिरात फलक, जादा वीज यांना वेगळी परवानगी किंवा वेगळे भाडे लागू शकते.
- वरच्या संघटनेची संमती. जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या मान्यतेने स्पर्धा होत असेल तर मान्यतेच्या अटींमध्ये प्रसारणाचे कलम शोधा. एका खेळाच्या दोन संघटना भांडत असतील तर विशेष जपा. दुसरी संघटना आक्षेप घेऊ शकते.

अमेरिकेत बेसबॉलचा प्रत्येक संघ आपले रेडिओ हक्क स्वतः विकतो. न्यूयॉर्क यांकीजचे सामने २०१४ पासून डब्ल्यूएफएएन या स्टेशनवर लागतात. ते ऐकून आपल्याकडचे संघही "आमचे हक्क" म्हणू लागतात. आपल्याकडे बहुतेक स्पर्धांत बोलणी आयोजकाशी होतात, हे लक्षात ठेवा.

२. दारात कोण आले आहे?

रेडिओ म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला सगळे करता येत नाही. कोणाला काय चालते, ते समजून घ्या.

- खासगी एफएम. केंद्र सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणानुसार खासगी स्टेशनांना क्रीडास्पर्धांची माहिती देता येते. थेट समालोचन मात्र स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचेच करता येते. पेठांमधला फुटबॉल, तालुक्याची कबड्डी, गावचे कुस्ती मैदान यात सहज बसते. तुमच्या स्पर्धेत राज्याबाहेरचे संघ येणार असतील, तर "हे प्रसारण आमच्या परवान्यात बसते" असे स्टेशनकडून लेखी घ्या. पैसा आणि गाजावाजा इथे जास्त मिळतो, पण जाहिरातींचा रेटाही जास्त असतो.
- आकाशवाणी. प्रसार भारतीच्या या केंद्रांची पोहोच मोठी आणि आवाजाला वजन असते. रक्कम मिळेलच असे नाही. कधी उलट खर्चाचा प्रश्न निघतो. वेळापत्रक आधी ठरते, म्हणून पत्र दोन-तीन महिने आधी द्या. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात थेट प्रसारण प्रसार भारतीला द्यावे लागते आणि रेडिओच्या जाहिरात उत्पन्नाची वाटणी ५०:५० ठरलेली आहे. ही तरतूद अधिसूचित स्पर्धांपुरतीच आहे. तिचा धाक दाखवून तुमच्या तालुका चषकाचे हक्क कोणी फुकट मागत असेल तर भुलू नका.
- सामुदायिक रेडिओ. शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, स्वयंसेवी संस्था ही केंद्रे चालवतात. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची शारदा कृषी वाहिनी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही त्यांतली परिचित नावे. ट्रान्समीटरची ताकद कमी असल्याने आवाज साधारण १०-१५ किलोमीटरपर्यंत जातो. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. पैसे कमी मिळतात, पण गावाच्या बोलीत आणि गावाच्याच पोरांच्या तोंडून समालोचन होते. गावपातळीच्या स्पर्धेला बऱ्याचदा हाच सर्वांत योग्य जोडीदार ठरतो.
- इंटरनेट रेडिओ आणि अ‍ॅप. एफएमचा परवाना आणि इंटरनेटवरचे प्रसारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेशनचे अ‍ॅप असेल तर ते आपोआप करारात आले असे धरू नका, धरू देऊही नका.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात म्हटले. तो वादही क्रिकेट स्पर्धेच्या प्रसारणावरूनच उभा राहिला होता. लहरी वापरण्याचा परवाना स्टेशनला सरकार देते, मैदानात शिरण्याची परवानगी तुम्ही देता. स्टेशनला दोन्ही लागतात. एकाच्या जोरावर दुसरे गृहीत धरता येत नाही.

३. हक्कांचे तुकडे करा

"प्रसारणाचे सर्व हक्क" असा शब्द कागदावर आला की पेन खाली ठेवा. एका सामन्यातून किमान इतके तुकडे निघतात:

1. रेडिओवरचे थेट समालोचन
2. दर अर्ध्या तासाला स्कोअर आणि ठळक घडामोडी
3. रात्रीचा सारांश कार्यक्रम
4. इंटरनेट आणि अ‍ॅपवरचे प्रसारण
5. ध्वनिमुद्रण, त्याचे पुनःप्रसारण आणि पॉडकास्ट
6. व्हिडिओ
7. मैदानावरचे फलक आणि "रेडिओ पार्टनर" हे बिरुद

एका स्टेशनला पहिला आणि तिसरा, दुसऱ्याला दुसरा, गावच्या यूट्यूब चॅनलला सहावा, अशी वाटणी होऊ शकते. दोन स्टेशनांची चुरस असेल तर एकाला नकार देण्याआधी हा मार्ग पाहा. पुष्कळदा दोघांचेही काम होते आणि गावात कोणी दुखावत नाही.

४. एकालाच की सर्वांना?

एकालाच हक्क दिले तर रक्कम वाढते, स्टेशन मन लावून प्रसिद्धी करते, समालोचन कक्षातली गर्दी टळते. पण त्या स्टेशनचा आवाज तुमच्या निम्म्या तालुक्यात पोहोचत नसेल, तर तितके श्रोते तुम्ही आपण होऊन गमावता.

या बाबतीत एक उदाहरण खेळाबाहेरचे आहे. तंजावरजवळ कावेरीकाठी तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले रचनाकार संत त्यागराज यांची समाधी आहे. १८४७ मध्ये ते गेले, तेव्हा तंजावरच्या गादीवर मराठे राजे होते. दर वर्षी पौष वद्य पंचमीला तिथे आराधना होते. शेकडो गायक-वादक मांडवात एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात आणि आकाशवाणी ते थेट ऐकवते. मांडवात मावतील तेवढी माणसे मावतात. बाकी संगीतप्रेमी घरी रेडिओ लावतात. सोहळ्याचे नाव दूरवर जाण्यात या ऐकण्याचा वाटा मोठा आहे. तुमची स्पर्धा नवी असेल तर पहिली दोन-तीन वर्षे रकमेपेक्षा पोहोच महत्त्वाची माना. नाव झाले की किंमत मागता येते. नाव होण्याआधीच दार एका स्टेशनपुरते बंद केले, तर नाव व्हायलाच वेळ लागतो.

ढोबळ आडाखा असा ठेवा:

- स्पर्धा नवी, प्रेक्षक थोडे: सर्वांना खुली परवानगी, नाममात्र शुल्क.
- स्पर्धा रुळलेली, दोन-तीन स्टेशने इच्छुक: थेट समालोचन एकालाच, स्कोअर आणि मुलाखती सर्वांना.
- अंतिम सामना हाच मोठा आकर्षणबिंदू: साखळी सामने खुले, उपांत्य आणि अंतिम सामन्यांची वेगळी बोली.

५. बोली कशी मागवाल?

1. कार्यकारिणीत ठराव करा. बोलणी कोण करणार आणि सही कोण करणार, त्यांची नावे ठरावात लिहा. अध्यक्ष एका स्टेशनला शब्द देऊन बसतात, सचिव दुसऱ्याला. निम्मी भांडणे इथेच सुरू होतात.
2. एका पानाचे माहितीपत्रक करा: तारखा, सामने, मैदान, गेल्या वर्षीची तिकीटविक्री, मुख्य प्रायोजक, कोणते हक्क देऊ करत आहात.
3. जिल्ह्यातल्या सर्व स्टेशनांना ते एकाच दिवशी पाठवा, ईमेलने आणि हातपोच. पोच घ्या.
4. प्रस्ताव बंद पाकिटात, ठरलेल्या तारखेपर्यंत मागवा. सर्वांसमोर उघडा. एका स्टेशनचा आकडा दुसऱ्याच्या कानात सांगून भाव चढवण्याचा मोह टाळा. गाव लहान असते, पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही.
5. रकमेबरोबर हेही विचारा: समालोचक कोण, किती सामने थेट, कोणत्या वेळेत, स्पर्धेआधी किती दिवस प्रसिद्धी, तुमच्या प्रायोजकांना किती वेळ.
6. निर्णय कारणासह इतिवृत्तात लिहा. नकार मिळालेल्यांना दोन ओळींचे आभारपत्र पाठवा.

६. आकडा कसा वाचाल?

समजा, तुमच्या स्पर्धेत १५ सामने आहेत आणि दोन प्रस्ताव आले.

*पहिला:* एकरकमी ६०,००० रुपये. तीन वर्षांचे सर्व हक्क, इंटरनेट आणि ध्वनिमुद्रणासह.

*दुसरा:* २५,००० रुपये. फक्त यंदाचे थेट समालोचन. शिवाय दर सामन्यात १२० सेकंद जाहिरातवेळ मंडळाला, ती तुम्ही तुमच्या प्रायोजकांना द्यायची.

सभेत पहिला आकडा ऐकून टाळ्या पडतील. आता हिशेब करा. पहिल्यात वर्षाला २०,००० पडतात. दुसऱ्यात १५ सामन्यांचे १,८०० सेकंद, म्हणजे दहा सेकंदांचे १८० स्पॉट मिळतात. १५० रुपयांना एक याप्रमाणे सगळे गेले तर २७,०००, म्हणजे एकूण ५२,००० रुपये. निम्मेच गेले तरी ३८,५०० होतात, आणि पुढची दोन वर्षे मोकळी राहतात. अर्थात स्पॉट विकायला बाजारपेठेत फिरणारा माणूस तुमच्याकडे हवा. तो नसेल तर पहिल्या स्टेशनलाच रक्कम तीच ठेवून मुदत एक वर्ष करायला सांगा.

७. करारात काय हवेच?

- दोन्ही पक्षांची पूर्ण नावे, नोंदणी क्रमांक, ठरावाची प्रत.
- काय दिले आणि काय राखून ठेवले. शेवटी एक ओळ हवीच: "यात स्पष्ट न लिहिलेले सर्व हक्क मंडळाकडे राहतील."
- मुदत आणि प्रदेश. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे लागते. कालावधी लिहिला नाही तर तो पाच वर्षांचा धरला जातो, प्रदेश लिहिला नाही तर सारा भारत धरला जातो. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ही मोकळी जागा महागात पडते.
- ध्वनिमुद्रण. कलम ३७ प्रमाणे प्रसारणावर प्रसारण करणाऱ्या संस्थेचा हक्क २५ वर्षे असतो. म्हणून प्रत्येक सामन्याची प्रत मंडळाला मिळेल आणि मंडळ ती आपल्या कामासाठी वापरू शकेल, हे लिहूनच घ्या.
- पैशांचे हप्ते. निम्मी रक्कम सहीच्या वेळी, उरलेली पहिल्या सामन्याआधी. "स्पर्धेनंतर" हा शब्द मान्य करू नका.
- पाऊस, आचारसंहिता, पुढे ढकललेले सामने. नवी तारीख स्टेशनला जमली नाही तर काय, ते ठरवा.
- न केलेले प्रसारण. ठरलेल्या १५ पैकी १० च सामने लागले तर काय? दर सामन्यामागे भरपाई लिहा.
- तांत्रिक खर्च. केबल, इंटरनेट, जनरेटर, कक्षाचा मांडव कोणाच्या खर्चाने?
- समालोचनाची शिस्त. पंचांवर आरोप, पेठापेठांत तेढ लावणारी किंवा जातिवाचक शेरेबाजी नको. एका वाक्याने गॅलरीत दगड उडू शकतात, हे फुटबॉलवाल्यांना सांगायला नको.
- वाद झाला तर लवाद किंवा न्यायालय तुमच्याच जिल्ह्यातले.

मुद्रांकाबद्दल गैरसमज फार आहे. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहिले की काम झाले, असे नाही. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात एखाद्या कार्यक्रमाच्या प्रसारणाचे एकमेव हक्क देणाऱ्या करारासाठी स्वतंत्र नोंद आहे आणि शुल्क रकमेवर ठरते. सहीआधी वकिलाला दाखवा. जीएसटी आणि प्राप्तिकराचे सनदी लेखापालांना विचारा, विशेषतः मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर.

८. इथे पाय घसरतो

- "पुढच्या वर्षी आधी आम्हाला विचारा." निरुपद्रवी दिसणारे कलम. त्याला मुदत घाला: विचारल्यापासून १५ दिवसांत उत्तर नाही, तर मंडळ मोकळे.
- प्रायोजकांची टक्कर. तुमचा मुख्य प्रायोजक एक सराफ आणि स्टेशनवर जाहिरात समोरच्या सराफाची. असे होऊ नये म्हणून तुमच्या प्रायोजकांची यादी कराराला जोडा.
- नको त्या जाहिराती. तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीला २०२५ च्या कायद्याने. "नाव तेच, पण वस्तू वेगळी" अशी पळवाट कोणी सुचवली तर नाही म्हणा.
- गाणी. स्टेशनवर वाजणाऱ्या गाण्यांची जबाबदारी स्टेशनची, मैदानातल्या कर्ण्यावर वाजणाऱ्या गाण्यांची तुमची. क्रीडास्पर्धेला धार्मिक समारंभासारखी सूट मिळत नाही.
- शेजारची गच्ची. बाहेरच्या गच्चीवर बसून कोणी समालोचन केले तर? १९३७ मध्ये सिडनीत नेमके हेच घडले. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारी मचाण बांधून एका रेडिओ स्टेशनने वर्णन ऐकवले, आणि ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मैदानमालकाची मागणी फेटाळली. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण धडा घ्यावा. तुमची पकड दाराच्या आत आहे. "बाहेरून कोणीही प्रसारण करणार नाही" अशी हमी स्टेशनला कधीच देऊ नका.
- स्कोअरवर मालकी. कोणी किती गोल केले ही माहिती अडवू पाहू नका. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने क्रिकेटच्या स्कोअरवर अशी मालकी मान्य केली नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तालुका मंडळाने त्या भांडणात उतरण्याचे कारण नाही.
- शाळकरी खेळाडू. मुलाखतीआधी पालकांची लेखी संमती घ्या.

९. स्टेशनने शब्द पाळला नाही तर

आधी तारीख-वेळेसह नोंद करा. कोणता सामना लागला नाही, किती मिनिटे तुटला, कोणता प्रायोजक वगळला. यासाठी एक कार्यकर्ता रोज घरी रेडिओ लावून बसवा, वहीत लिहायला सांगा. मग स्टेशनला लेखी नोटीस द्या, उत्तराला १५ दिवस द्या. करारात भरपाई लिहिलेली असेल तर नोटिशीतच तिचा हिशेब मागा. मजकूर आक्षेपार्ह असेल तर तक्रार आधी स्टेशनकडे आणि मग माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करा. खासगी स्टेशनांनाही आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता पाळावी लागते. परस्पर समालोचकाचा माइक काढून घेणे, कक्षाला कुलूप लावणे असले काही करू नका. करार मोडल्याचा ठपका मग तुमच्यावर येतो.

सहीआधी पाच प्रश्न

1. हे हक्क द्यायला आपण मुखत्यार आहोत का?
2. स्टेशनच्या परवान्यात हे बसते का, आणि तसे लेखी आहे का?
3. मुदत एका हंगामाची आहे का?
4. न लिहिलेले सगळे आपल्याकडे राहते का?
5. ध्वनिमुद्रणाची प्रत कधी आणि कशी मिळणार?

पाचवा प्रश्न सभेत बहुधा कोणी विचारत नाही. विजेता संघ ढाल घेऊन जातो, मिळालेली रक्कम पुढच्या मांडवात जिरते. पंचवीस वर्षांनी मंडळाचा महोत्सव भरेल, तेव्हा अंतिम सामन्यातला तो गोल आणि गॅलरीतला कल्लोळ ऐकवायला कपाटात प्रत सापडली पाहिजे. ती पेनड्राइव्हवर घ्या, दोन ठिकाणी ठेवा आणि मंडळाच्या मालमत्तेच्या नोंदवहीत लिहून टाका.